दुपारी दोनला ठरतं रात्रीचं जेवण

रात्री काय करायचं, हा प्रश्न संध्याकाळी सातला पडला तर उशीर झालेला असतो. तोवर सगळे दमलेले असतात, पोटात भूक असते आणि हात आपोआप फोनकडे जातो. बाहेरून चौघांचं जेवण मागवायचं तर पाचशेची नोट पुरत नाही आणि फ्रीजमधलं उरलेलं तसंच राहून दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातं. आमच्याकडे हा प्रश्न दुपारी दोनला सुटतो, जेवणं आटोपल्यावर मी उरलंसुरलं काढतो तेव्हा.

मी पिंपरीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पर्यवेक्षक होतो. निवृत्त झालो तेव्हापासून कोथरूडच्या घरातला रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. हिचे संध्याकाळी संस्कृतचे क्लास असतात. मुलगा-सून हिंजवडीहून साडेआठच्या आत घरी पोचत नाहीत, आणि नातवाला आठला ताट लागतं. सकाळी पोळ्यांच्या मावशी येतात, पोळ्या आणि एक भाजी करून जातात. कुकर मी साडेबाराला लावतो. एवढ्या माणसांच्या घरात अंदाज रोज तंतोतंत जुळत नाही. कुणी डबा नेत नाही, कुणाला ऑफिसात जेवायला बोलावलेलं असतं. मग वाटी-दोन वाट्या वरण राहतं, पाच-सहा पोळ्या राहतात, भाजी राहते.

मला हे उरणं आवडतं. उरलेलं म्हणजे अर्धा झालेला स्वयंपाक. डाळ निवडून, भिजवून, शिजवून झालेली आहे. कोबी चिरून, परतून झालाय. कुणाच्या तरी हातांनी कणीक मळलीय, लाटलीय, भाजलीय. गॅस जळलाय, पैसे गेलेत, वेळ गेलाय. एवढं सगळं टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हे मला पटत नाही.

पण उरलेलं संपवणं आणि त्याचं जेवण करणं यात फार फरक आहे. बऱ्याच घरांत रात्री पाच छोट्या वाट्या गरम होऊन टेबलावर येतात. घासभर भात, दोन चमचे भाजी, थोडी उसळ. पोट भरतं, पण जेवल्याचं समाधान होत नाही, आणि मुलं 'आज पण शिळंच?' म्हणतात ते यामुळेच. माझा नेम असा: रात्रीच्या जेवणाला उरलेल्यातला एकच पदार्थ पाया म्हणून घ्यायचा. त्याचं रूप पूर्ण बदलायचं. त्याच्या जोडीला एक काहीतरी आत्ता शिजवलेलं, गरमागरम हवं, आणि एक कच्चं हवं, काकडी, मुळा, गाजर, कांदा, जे असेल ते. एवढं जमलं की ताटाकडे बघून कुणाला दुपार आठवत नाही.

आता दुपारचं काम, कारण रात्रीची चव आणि तब्येत दोन्ही तिथेच सांभाळली जातात. कँटीनमध्ये आमच्या भिंतीवर दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असायचे: 60 आणि 5. शिजलेलं अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवायचं, नाहीतर 5 अंशांच्या खाली गार. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. घरी थर्मामीटर नसला तरी चालेल, घड्याळ असतंच. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत उरलेलं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मी तासाभरातच आत टाकतो.

भाताच्या बाबतीत मी सगळ्यात कडक आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तांदळाबरोबरच घरात येतात आणि कुकरमध्ये शिजूनही टिकून राहतात. भात कोमट अवस्थेत ओट्यावर तासन्‌तास पडला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतले काही असं विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून 'रात्री खरपूस परतू, मग काय होतंय' हा हिशेब भाताला लागू नाही. कुकरच्या भांड्यात गच्च बसलेला भात आतून बराच वेळ गरम राहतो. तो परातीत पसरायचा, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये. वरणाचं पातेलं परातभर पाण्यात ठेवून मधूनमधून ढवळलं की तेवढ्याच वेळात निवतं. ही मला विचारायची, "अहो, गरम फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणतात ना?" वाफाळतं मोठं पातेलं ठेवू नये हे बरोबर, कारण त्याने शेजारचं दूध-दहीही तापतं. पण कोमट झालेला पसरट डबा खुशाल ठेवावा. पूर्ण गार होण्याची वाट बघत संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवणं जास्त धोक्याचं.

डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहितो. ही कँटीनची सवय, आणि आधी आलेलं आधी वापरायचं हा तिथलाच नियम. भात मी दुसऱ्या दिवसाच्या पुढे नेत नाही, वरण-उसळही तेवढंच. काही गोष्टी ठेवतच नाही: दही घातलेली कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, कुणाच्या ताटात वाढून झालेलं काहीही. वरणाला तार सुटली, आंबूस वास आला, तर तिथे काटकसर करायची नाही. पावसाळ्यात पोळीवर बुरशीचा एक ठिपका दिसला तर त्या डब्यातल्या सगळ्या पोळ्या ओल्या कचऱ्यात. तेवढाच तुकडा काढून बाकीची खायची नाही, कारण बुरशीचे धागे ठिपक्याच्या पलीकडे पसरलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

वरण उरलं असेल तर

मग दुसरा विचार मी करतच नाही, वरणफळं करतो. चकोल्या म्हणा हवं तर. एका पातेल्यात पूर्ण जेवण होतं, आणि उरलेल्यातून केलंय हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही.

आम्हा चौघांना आणि नातवाला मिळून दोन वाट्या घट्ट वरण पुरतं. वाटी आमटीची नेहमीची, दीडशे मिलीची. तीन वाट्या कणकेत दोन मोठे चमचे बेसन, हळद, तिखट, हाताने चोळलेला ओवा, मीठ आणि चमचाभर कडकडीत तेल घालायचं आणि पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं. ती झाकून ठेवली की आमटीकडे वळायचं. मोठं, पसरट पातेलं घ्या, फळांना पोहायला जागा हवी. तेलात मोहरी, जिरं, चार-पाच मेथीदाणे, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, लाल मिरची. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की हळद, तिखट आणि लगेच वरण. त्यात सात वाट्या गरम पाणी. पाणी बघून घाबरू नका, फळं ते पिऊन टाकतात. दोन-तीन आमसुलं किंवा चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, दोन चमचे गोडा मसाला. मीठ बेताने, कारण वरणात आधीच आहे आणि कणकेतही आहे.

आमटी उकळायला लागली की कणकेची पोळी लाटायची, नेहमीपेक्षा किंचित जाड. पातळ लाटली तर फळं विरघळतात, फार जाड राहिली तर आत कच्ची राहतात. कातण्याने शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे, दोन बोटं रुंद. आता महत्त्वाचं: फळं टाकताना आमटी खळखळ उकळत असली पाहिजे. एकदम ओंजळभर टाकली तर उकळी बसते आणि फळं एकमेकांना चिकटून गोळा होतो. चार-पाच टाकायची, कडेकडेने, डाव हलकेच फिरवायचा, उकळी परत आली की पुढची चार-पाच. पहिली तळाशी जातात, मग एकेक वर यायला लागते आणि आमटीला दाटपणा येतो. सगळी घातली की अर्धं झाकण ठेवून मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. एक फळ काढून मोडून बघायचं, मध्ये पांढरी कच्ची रेघ दिसता कामा नये. आपल्याला हवी त्यापेक्षा थोडी पातळ असतानाच गॅस बंद करा, ताटात येईपर्यंत ती आळते. वाढताना वरून साजूक तूप, कोथिंबीर, ओलं खोबरं, आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे मी आमटीबरोबर शिजवूनही घालतो, नातवाला तसे आवडतात.

यात ताजं म्हणजे फळं, कच्चं म्हणजे काकडी किंवा मुळ्याच्या चकत्या. शेजारी भाजलेला पापड. एवढ्यावर पाच माणसं तृप्त होतात आणि वरचा खर्च पन्नास रुपयांच्या आत राहतो.

वेळ फारच कमी असेल तर कणीक न मळता शिळ्या पोळ्यांच्याच पट्ट्या कापून त्याच आमटीत सोडा. मात्र त्या आधीच भाजलेल्या असतात, म्हणून पाणी दोन वाट्या कमी घ्यायचं आणि पट्ट्या अगदी शेवटी घालून तीन-चार मिनिटंच उकळायच्या. जास्त वेळ ठेवल्या तर लगदा होतो.

भात

आधी तांदूळ कोणता ते बघा. कोलम असेल तर फोडणीचा भात उत्तम होतो. थंड झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो, दाणा टणक बनतो आणि परतताना मोडत नाही. ताज्या भाताला फोडणी दिली तर तो गिजका होतो तो याच कारणाने. फ्रीजमधून काढल्यावर ओल्या हाताने दाणे सोडवून घ्यायचे. फोडणीत आधी शेंगदाणे तळून बाजूला काढले की ते शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात. मग मोहरी, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता, भरपूर कांदा, हळद. भात, मीठ, चिमूटभर साखर, पाण्याचा हबका, झाकण. नुसतं कोमट करून भागत नाही, मधल्या भातातूनही वाफ निघाली पाहिजे. कँटीनमध्ये पुन्हा गरम केलेल्या अन्नाला आम्ही आतपर्यंत 75 अंशांचा नियम पाळायचो. घरी वाफ हीच खूण. लिंबू गॅस बंद केल्यावर.

मावळातला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर असेल तर फोडणीच्या नादी लागू नका. तो मुळातच मऊ आणि चिकट, त्याची खरी गंमत गरम असतानाच. उरला तर मी तो थालीपिठात घालतो, चिकटपणा तिथे उपयोगी पडतो.

फोडणीच्या भाताबरोबर नुसतं ताक देऊन मोकळं होऊ नये. माझ्या मते तिथे कढी हवी. दोन वाट्या आंबट ताकाला एक मोठा चमचा बेसन, आलं-मिरची, फोडणी, दहा मिनिटांचं काम. सतत ढवळत उकळी आणा, म्हणजे फुटत नाही.

कोरडी भाजी

कोबी, फ्लॉवर, बटाटा, गवार, मेथी, काहीही चालतं. रसभाजी मात्र इथे चालत नाही. दोन वाट्या भाजणीला एक वाटी उरलेली भाजी, एक बारीक चिरलेला कांदा, तीळ, कोथिंबीर, आणि इंद्रायणीचा भात असेल तर मूठभर. गवारीसारख्या मोठ्या फोडी असतील तर हाताने कुस्करून घ्या, नाहीतर थापताना कडा फाटतात. भाजीला स्वतःचं पाणी असतं, तेव्हा आधी सगळं कोरडंच कालवायचं, पाच मिनिटं ठेवायचं आणि मगच लागेल तसं पाणी शिंपडायचं. भाजणी घरात नसली तर ज्वारीचं पीठ दोन भाग, बेसन एक भाग, कणीक एक भाग, आणि भाजलेल्या धणे-जिऱ्याची पूड.

ओल्या सुती फडक्यावर थापायचं, बोटाने पाच भोकं पाडायची, फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं करून फडकं अलगद सोडवायचं. भोकांत आणि कडेने तेल सोडून झाकण ठेवायचं. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटांनी कडा सुटून येते, तोवर उलथनं लावू नका. थालीपीठ तव्यावरून थेट ताटात गेलं पाहिजे. आठ वाजता नातवाचं, पावणेनऊला मुला-सुनेचं, असं मी दोनदा तवा ठेवतो. मळलेलं पीठ मधल्या वेळात फ्रीजमध्ये. सून म्हणते, "बाबा, एकदमच करून ठेवा ना, आम्ही घेऊ गरम करून." पण थालीपिठाचा खमंगपणा पहिल्या पाच मिनिटांचा असतो, तेवढ्यासाठी पुन्हा उभं राहायला माझी ना नाही. बरोबर लोणी किंवा घट्ट दही, आणि कांदा.

पोळ्या

फोडणीची पोळी सगळ्यांना येते, पण दोन गोष्टी सांगतो. मिक्सरमधून काढाल तर पुन्हा पुन्हा थांबत, अगदी क्षणभरच फिरवा. पीठ झालं की संपलं. तुकडे मक्याच्या दाण्याएवढे हवेत, काही मोठे राहिले तरी छान. दुसरं म्हणजे पाण्याऐवजी ताकाचा हबका. पाच-सहा पोळ्यांना चार चमचे ताक पुरतं. ते कुस्कऱ्यावर शिंपडून दहा मिनिटं ठेवायचं, मग कांद्याच्या फोडणीत टाकून झाकणाखाली दणदणीत वाफ काढायची. पोळी मऊ होते आणि बेताची आंबटही. जोडीला टोमॅटोचं सार: चार टोमॅटो उकडून, साल काढून, थोड्या ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायचे, पाणी, मीठ, गूळ, आणि वरून तुपात जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. थंडीत हे जेवण घरात सगळ्यांना आवडतं.

शिळी ज्वारीची भाकरी असेल तर कुस्करून दही, दूध, मीठ कालवायचं आणि वर लसूण-मिरचीची फोडणी. उन्हाळ्यात याच्यापुढे मी काहीच रांधत नाही.

उसळ

मटकीची उसळ वाटीभर असली तर माणसांना पुरत नाही, पण तिला कट जोडला की पुरते. दोन कांदे आणि सुकं खोबरं तेलावर काळपट तांबूस होईपर्यंत भाजून, लसूण-आल्याबरोबर वाटायचं, सढळ तेलात तिखट आणि मसाला घालून वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, चार वाट्या गरम पाणी आणि उकळी. उसळ वेगळी गरम करा, कट वेगळा. वाढताना उसळ, फरसाण, कांदा, वर कट, लिंबू, पाव. उसळ कटातच उकळली तर मटकी विरघळून जाते आणि मिसळ वाटतच नाही.

कोणत्याही उरलेल्याला लागू पडतं ते एवढंच: मीठ सर्वांत शेवटी आणि चाखून, कारण त्यात ते आधीच आहे आणि आटवलं की वाढतं. आंबटपणा मात्र ताजा घालायचा. रात्रभर राहिलेल्या अन्नाची चव बसकी होते, ती लिंबाने, आमसुलाने, ताकाने उठते. आणि कमी पडतंय म्हणून नुसतं पाणी वाढवू नका. आमटी वाढवायची तर शेंगदाण्याचं कूट किंवा टोमॅटो, रस्सा वाढवायचा तर वाटण, पीठ वाढवायचं तर भाजणी.

एकदा गरम केलेलं मी पुन्हा ठेवत नाही. म्हणून डब्यातून लागेल तेवढंच काढून घेतो आणि बाकीचं गारच आत जातं. वरणफळं उरली तर ती फुगून घट्ट होतात आणि मजा जाते, तेव्हा तीन वाट्या कणीक हे प्रमाण पाच जणांचंच, तिघांना दोन पुरे. सकाळी मावशींना पोळ्यांचा आकडा सांगायच्या आधी फ्रीज उघडून बघतो. आत चार पोळ्या असल्या तर त्या दिवशी चार कमी करायला सांगतो, आणि त्या चारांचं काय करायचं ते दुपारी बघतो.